ओरेगन स्टेटला कुणी खाली ढकललेलं नाही

'अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्येही आता प्रीमियर लीगसारखी बढती-घसरण सुरू झाली, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट खाली गेले' असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. बढती-घसरण म्हणजे गुणतक्त्यात तळाला राहिलेले संघ खालच्या लीगमध्ये जातात आणि तिथले अव्वल संघ वर येतात.

२०२४ मध्ये पॅक-१२ या कॉन्फरन्समधले (म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेज संघांच्या गटातले) १० संघ टीव्हीच्या पैशामागे इतर कॉन्फरन्समध्ये गेले आणि हे दोघे मागे उरले. गुणतक्त्याचा इथे काडीचाही संबंध नाही. २०२३ च्या मोसमात ओरेगन स्टेटने १३ पैकी ८ सामने जिंकले होते, स्टॅनफर्डने १२ पैकी जेमतेम ३. तरी एसीसीचं (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचं) दार उघडलं ते स्टॅनफर्डला! (नावात अटलांटिक किनारा आणि संघ कॅलिफोर्नियाचा. असो.) बढती-घसरणीच्या कल्पना अधूनमधून मांडल्या जातात, नियम मात्र झालेला नाही.