‘पाच तासां’बद्दल चूक माझी, फ्रिजबद्दल नाही

नमस्कार,

‘सकाळी मळा, संध्याकाळी खा’ या माझ्या सावरडोच्या (विकतचं यीस्ट न घालता आंबवलेल्या पावाच्या) कृतीवरची तुमची प्रतिक्रिया चांगलीच तिखट आहे. लेखाखाली दोन ओळींत उरकण्यासारखी नाही, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या तक्रारी तीन. पहिली : कृतीप्रमाणे पाच तास पीठ आंबवूनही पाव गच्च झाला, आत दोन भगदाडं पडली आणि अर्धा किलो पीठ वाया गेलं. दुसरी : स्टार्टरला, म्हणजे बरणीत जिवंत ठेवलेल्या आंबवणाला, आदल्या रात्री पीठ-पाणी द्यायचं असेल, तर ‘एका दिवसात’ म्हणणं ही धूळफेक. आणि तिसरी : रात्रभर फ्रिजमध्ये न राहिलेला पाव सावरडो म्हणवून घ्यायच्या लायकीचाच नाही.

मधली तक्रार आधी घेते, ती लवकर मिटेल. हो, स्टार्टरला मी रात्री दहाला पीठ-पाणी देते : १० ग्रॅम स्टार्टर, ५० ग्रॅम पीठ, ५० ग्रॅम पाणी. सकाळी सातला तो फुगून माथ्यावर आलेला असतो. त्याला लागतात तीन मिनिटं, आणि पुढे मी झोपलेली असते. हे तुम्हाला दीड दिवस वाटत असेल तर तसं म्हणा, माझी हरकत नाही. मात्र शीर्षकाखाली ‘स्टार्टर आदल्या रात्री तयार ठेवा’ ही ओळ आता घातली आहे. ती आधीच असायला हवी होती.

आता तुमचा पाव. तुम्ही लिहिलंय, ‘पाच तास ठेवून पीठ जास्त आंबलं असणार, म्हणून बसलं.’ मला नेमकं उलटं वाटतं. जास्त आंबलेला उंडा पसरट होतो. ओव्हनमध्ये वर चढत नाही, कापलं की जाळी बारीक आणि बसकी दिसते, चव आंबट लागते. तुमचं वर्णन वेगळं आहे : वरच्या बाजूला दोन मोठी भगदाडं, त्यांच्या अवतीभवती रबरासारखा दाट, ओलसर भाग, एका कडेला फाटलेलं कवच. ही कमी आंबल्याची लक्षणं. सगळीकडे सारखी जाळी पडण्याइतका वायूच तयार झाला नव्हता. जो थोडा होता तो ओव्हनच्या उष्णतेने एकाच ठिकाणी फुगला आणि वाट मिळेल तिकडून बाहेर पडला.

तसं का झालं, तेही तुमच्याच प्रतिक्रियेत आहे. स्वयंपाकघर १९ अंशांवर होतं, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझे पाच तास २७ अंशांच्या पिठाचे होते आणि कृतीत मी ते कुठेही लिहिलं नव्हतं. चूक माझीच. स्टार्टरमधल्या रानटी यीस्टला २६ ते २८ अंश मानवतात. १९ अंशांवर त्याचा वेग ढोबळमानाने निम्म्यावर येतो. म्हणजे तुमच्या उंड्याला नऊ-दहा तास हवे होते आणि मी तुम्हाला पाचव्या तासालाच त्याला आकार द्यायला लावला.

म्हणून सावरडोच्या कृतीत ‘इतके तास’ लिहिणंच मी आता बंद करणार आहे. प्रमाण तेच ठेवा : ५०० ग्रॅम पीठ, ३५० ग्रॅम पाणी, १०० ग्रॅम स्टार्टर, १० ग्रॅम मीठ. पाणी मात्र तुमच्या थंड खोलीसाठी ३५-३६ अंशांचं घ्या. आधी फक्त पीठ-पाणी कालवून अर्धा तास झाकून ठेवा, मग स्टार्टर आणि मीठ घाला, म्हणजे स्टार्टरला ऊन पाण्याचा चटका बसत नाही. मळून झाल्यावर उंड्यात थर्मामीटर खुपसून बघा. २६-२७ दिसले की काम झालं. ही ऊब टिकवायला भांडं बंद ओव्हनमध्ये ठेवा, आत सोबतीला गरम पाण्याचा वाडगा. (ओव्हनच्या दारावर ‘आत पीठ आहे’ अशी चिठ्ठी लावा. मी एकदा नाही लावली आणि दुसऱ्याच कशासाठी तरी ओव्हन तापत ठेवला. प्लास्टिकच्या भांड्याचं काय झालं ते सांगत नाही.)

पहिल्या दोन तासांत दर अर्ध्या तासाने ओल्या हाताने कडा ओढून उंड्याची घडी घाला. आणि एक छोटी युक्ती : उंड्यातला लिंबाएवढा गोळा काढून सरळ उभ्या काचेच्या पेल्यात दाबून बसवा, बाहेरून खूण करा आणि पेला भांड्याला चिकटवून ठेवा. गोळा दीडपट झाला की उंडा आकार द्यायला तयार. त्याला साडेचार तास लागोत नाही तर सात. आकार दिल्यावर पुन्हा दीड-दोन तास. बोटाने दाबलेला खळगा हळूहळू आणि अर्धवटच भरून आला तर भाजायला घ्या. लगेच टुणकन वर आला तर अजून थांबा.

फ्रिजबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. माणूस आंबवलेल्या पिठाचा पाव हजारो वर्षं भाजतो आहे आणि घरोघरी फ्रिज आले विसाव्या शतकात. मग त्याआधीचे सगळे पाव काय होते? सावरडो ठरतो तो रानटी यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू यांच्या जोडीने. ही जोडी तुमच्या बरणीत आहे, फ्रिजच्या कप्प्यात नाही.

चवीत फरक पडतो, हे मान्य. उबेत आंबलेल्या पिठात लॅक्टिक आम्लाचा सौम्य, दह्यासारखा आंबटपणा पुढे असतो. थंडीत रात्रभर राहिलेल्या पिठात व्हिनेगरसारखी धार जास्त जाणवते. तुम्हाला ती धार आवडते, माझ्या घरी सौम्य चवीचा पाव लगेच संपतो. थंड उंड्याचा आणखी एक फायदा खरा आहे : त्यावर पात्याने चीर स्वच्छ पडते. एका दिवसाच्या पावाला मी त्यासाठी भाजण्याआधी वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवते. पीठ त्याने आंबायचं थांबत नाही, फक्त वरचा थर घट्ट होतो.

पौष्टिकतेचा मुद्दा तुम्ही ओझरता काढलात, ‘चोवीस तासांशिवाय धान्यातलं फायटिक आम्ल (अन्नातली खनिजं अंगी लागू न देणारं) जात नाही’ म्हणून. ते मोडणारं फायटेझ हे विकर (एन्झाइम) धान्यातच असतं आणि पीठ जरा आंबट झालं की ते जोमाने कामाला लागतं. उबेतल्या पिठात ही अवस्था काही तासांतच येते. त्या लेखात मी ‘पचायला हलका’ असं सरसकट लिहिलं होतं, ते मात्र काढून टाकलं आहे. आणि सिलिॲक आजार (गव्हातलं ग्लूटेन न सोसणं) असलेल्यांनी गव्हाचा सावरडो खाऊ नये, एका दिवसाचाही नाही आणि तीन दिवसांचाही नाही.

एक विचारायचं राहिलं. पाव भट्टीतून काढल्यावर किती वेळाने कापलात? रबरासारखा ओलावा थोडा त्यामुळेही असू शकतो. मी मधोमध ९७ अंश होईपर्यंत भाजते आणि नंतर दोन तास जाळीवर ठेवून देते, घरातले कितीही घिरट्या घालत असले तरी. पुढच्या वेळी उंड्याचं तापमान, पेल्यातली खूण आणि कापलेल्या पावाचा फोटो, तिन्ही पाठवा.