"हीलर कोण होणार?" हा प्रश्नच अपुरा आहे

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, पात्रं रंगवत खेळायच्या खेळात नवी पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) जमली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हीलर, म्हणजे जखमा भरणारा, कोण? कुणीतरी नाइलाजाने क्लेरिक (देवाच्या कृपेने मंत्र टाकणारा पुजारी) घेतो आणि बाकीचे तिघं निर्धास्त होतात. हाच निर्धास्तपणा पार्टीला महागात पडतो, असं माझं ठाम मत आहे. क्लास (पात्रांचे पेशे) वाटून घेतले म्हणून कामं वाटली जात नाहीत. (खालचे आकडे पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे आहेत. २०२४ चे नियम वापरत असाल तर काही ठिकाणी फरक पडेल.)

आधी क्लेरिककडेच बघू. पहिल्या लेव्हलला त्याच्याकडे स्पेल स्लॉट (मंत्र टाकायच्या संधी) फक्त २. विस्डम या गुणाचा बोनस +३ धरला तर क्युअर वूंड्स या जखमा भरणाऱ्या मंत्राने सरासरी साडेसात हिट पॉइंट (पात्राच्या जिवाचे गुण) परत येतात आणि गॉब्लिनचा (छोट्या चपळ राक्षसाचा) एक वार सरासरी ५ घेऊन जातो. म्हणजे अख्खा स्लॉट खर्चून दीड वार भरून निघाला. तोच स्लॉट लढाईच्या सुरुवातीला ब्लेस या आशीर्वादाच्या मंत्रावर घातला तर तिघांच्या प्रत्येक हल्ल्यात आणि सेव्हिंग थ्रोमध्ये (संकटातून वाचण्यासाठी टाकायच्या फाशात) एक डी४ (चार बाजूंचा फासा) वाढतो, तोही १० राउंडपर्यंत (राउंड म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी). पण ब्लेसला कॉन्सन्ट्रेशन (एकाग्रता) लागतं, ते तुटलं की मंत्र संपतो. क्लेरिकला मार बसला की १० किंवा झालेल्या डॅमेजच्या निम्मे, यातला मोठा आकडा ते टिकवायला सेव्हिंग थ्रोमध्ये गाठावा लागतो. तेव्हा क्लेरिकपर्यंत शत्रू पोचू न देणं हे बाकीच्यांचं काम.

एकटा फायटर (लढवय्या) पुढे उभा करून ते होत नाही. रिअॅक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करायची झटपट कृती) राउंडला एकच मिळते, म्हणजे ऑपॉर्च्युनिटी अटॅकही (जवळून निसटणाऱ्यावर करायचा वार) एकच, आणि दुसरा शत्रू आरामात निघून जातो. गॉब्लिन तर बोनस अॅक्शनमध्ये (पाळीतल्या जादा छोट्या कृतीत) डिसएंगेज करून, म्हणजे सावधपणे बाजूला होऊन, तोही चुकवतात. १० फुटी बोळात दोघांनी शेजारी उभं राहून वाटच बंद करायची, हाच खरा अडसर.

कुणी शून्य हिट पॉइंटवर येऊन बेशुद्ध पडलं की गणित आणखी कठोर होतं. तीन डेथ सेव्ह (जगण्या-मरण्याचे फासे) हुकले की खेळ संपला. बेशुद्ध माणसावर ५ फुटांच्या आतून वार लागला तर तो आपोआप क्रिटिकल (जबर वार) ठरतो आणि दोन सेव्ह हुकल्याचे धरले जातात. दोन वारांत पात्र मेलं! इनिशिएटिव्हमध्ये (लढाईतल्या पाळ्यांच्या क्रमात) क्लेरिकची पाळी शेवटी असेल तर त्याच्या हीलिंग वर्डचा (दुरून जखमा भरणाऱ्या मंत्राचा) उपयोग काय? आणि क्लेरिक स्वतःच पडला तर? म्हणून हीलिंग पोशन (जखमा भरणारं औषध) एकाच पिशवीत नको. किमान दोघांकडे असावं आणि कुणाकडे ते सगळ्यांना माहीत असावं. दुसऱ्याला पोशन पाजायला अॅक्शन (पाळीतली मुख्य कृती) लागते, पण पडलेला लगेच शुद्धीवर येतो. हीलर्स किट (मलमपट्टीची पेटी) ५ सुवर्णनाण्यांत १० वेळा वापरता येतं, त्याला रोलही लागत नाही. मात्र किटने माणूस फक्त स्थिर होतो, बेशुद्धच राहतो. राक्षस शेजारी उभा असताना किट काढणं म्हणजे अॅक्शन वाया घालवणं. आधी राक्षस हटवा किंवा पडलेल्याला ओढून बाजूला घ्या.

लढाईबाहेर तर आणखी सावळागोंधळ. प्रवासात जो वाट शोधतो, नकाशा काढतो, माग काढतो किंवा अन्न गोळा करतो, त्याचं पॅसिव्ह पर्सेप्शन (फासा न टाकता धरली जाणारी सावधता) धोका ओळखायला धरलं जात नाही. चौघांतले तिघं अशा कामांत असतील तर घात ओळखायला उरतो एकच. तो विझार्ड (जादूगार) असेल आणि त्याचं विस्डम जेमतेम ८ असेल, तर मग डीएमला (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला) दोष देऊ नका.

मशालीचंही तसंच. "सगळ्यांना डार्कव्हिजन (अंधारात दिसण्याची शक्ती) आहे, उजेड कशाला?" हे वाक्य ऐकलं की डीएम मनातल्या मनात हसतो. पूर्ण अंधारात डार्कव्हिजनला मंद उजेडासारखंच दिसतं, म्हणजे डोळ्यांवर अवलंबून असलेल्या पॅसिव्ह पर्सेप्शनमधून ५ वजा. मशाल कोण धरणार हे आधीच ठरवा. ढाल-तलवारवाल्याचा हात मोकळा नसतो.

पहारा: लाँग रेस्टच्या (रात्रभराच्या विश्रांतीच्या) ८ तासांत प्रत्येकाला २ तासच पहारा करता येतो. चौघं असतील तर हिशोब बरोबर जुळतो. तिघं असतील तर २ तास उघडे पडतात. तिथे विझार्डने अलार्म (कुणी आलं की इशारा देणारा मंत्र) रिच्युअल म्हणून, म्हणजे सावकाश विधी करून, टाकावा. स्लॉट जात नाही आणि तो ८ तास टिकतो.

लपूनछपून जाताना एक गोष्ट डीएमकडे आग्रहाने मागा: ग्रुप चेक, म्हणजे सगळ्यांनी मिळून द्यायची एकच परीक्षा. समजा प्रत्येकाची यशाची शक्यता ७० टक्के आहे. "एक चुकला की सगळे पकडले" असं धरलं तर चौघं सुखरूप जाण्याची शक्यता जेमतेम २४ टक्के. ग्रुप चेकमध्ये निम्मे यशस्वी झाले तरी चालतं आणि तीच शक्यता जवळपास ९२ टक्के होते. नाहीतर प्रत्येक वेळी रोग (Rogue, चोरपावलांनी वावरणारा क्लास) एकटाच पुढे जातो आणि बाकीचे फोन बघत बसतात. तो गेलाच, तर ६० फुटांपलीकडे जाऊ देऊ नका. हीलिंग वर्डचा पल्ला तेवढाच आहे आणि ३० फूट वेगाचा माणूस डॅश करून (अॅक्शनही धावण्यात घालवून) एका राउंडमध्ये तेवढाच पोचतो.

१९८१ च्या बेसिक नियमांत खेळाडूंसाठी दोन कामं नावानिशी दिली होती: नकाशा काढणारा मॅपर आणि सगळ्यांच्या वतीने डीएमशी बोलणारा कॉलर. मॅपर परत आणायला माझी हरकत नाही. कॉलर मात्र नको, कारण त्या खुर्चीत हमखास सर्वात मोठ्या आवाजाचा माणूस जाऊन बसतो.