भुकटीवरचं ते आवरण प्लास्टिकचं नाही

मावशीने काल रात्री जवसाच्या तेलाची भुकटी गरम पाण्यात कालवली आणि ग्लास सकाळपर्यंत उघडा ठेवला. तिला फॉरवर्ड आला होता: 'या भुकटीच्या कणाकणावर प्लास्टिक असतं, रात्रभर गरम पाण्यात ठेवलं की ते निघून जातं. तेल १८० अंशांवर मारलेलं असतं. आणि आवरणामुळे ते कधीच खराब होत नाही, एक्सपायरी डेट नुसती नावाला.' सकाळी त्या पाण्याला ऑइलपेंटसारखा वास मारत होता आणि मावशी ते पिणार होती!

खाण्याच्या भुकटीवरचं हे आवरण बहुधा डिंकाचं, दुधातल्या प्रथिनांचं किंवा माल्टोडेक्स्ट्रिनचं, म्हणजे स्टार्च तोडून केलेल्या पदार्थाचं असतं. डब्यावरची घटकांची यादी वाचा. ई ४१४ दिसलं तर तो बाभळीच्या जातभाईंचा डिंक. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये तो पुन्हा तपासला आणि रोज किती खावा याची मर्यादा घालायचीही गरज नाही, असं सांगितलं.

आता ते रात्रभर भिजवणं. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं. त्याच्या रेणूत तीन दुहेरी बंध, आणि ऑक्सिजन नेमका त्यांच्या शेजारी घुसतो. आधी पेरॉक्साइड होतात, ते फुटून आल्डिहाइड होतात, तोच तो वास. रंगात हे तेल घालतात तेही याचमुळे, हवा लागली की त्याचा कडक पापुद्रा धरतो. ही हवा अडवायलाच तर आवरण आहे. ते विरघळवून तेल रात्रभर उघड्यावर ठेवायचं, याला शुद्धीकरण म्हणतात? कालवलं की लगेच प्या.

राहिले ते १८० अंश. भुकटी करताना तेल, पाणी आणि आवरणाचा पदार्थ यांचं मिश्रण यंत्रात गरम हवेत बारीक थेंबांनी फवारून सुकवतात. १८० अंश असते यंत्रात शिरणारी हवा, थेंब नव्हे. थेंबातलं पाणी उडताना उष्णता खेचून घेतं आणि काम काही सेकंदांत उरकतं. थोडं नुकसान होतं, नाही असं नाही.

प्लास्टिकची भीती अगदीच हवेतली नाही, हेही मानते. कपड्यांच्या सॉफ्टनरमधल्या सुगंधी कणांवर कृत्रिम पॉलिमर वापरतात, आणि युरोपीय संघाने २०२३ मध्ये अशा कणांवर निर्बंध आणले. पण ते कपड्यांचं झालं.

तारीख मात्र खरी धरा. थोडं तेल कणांच्या बाहेरच राहतं आणि तेच आधी खवटतं. ओल लागली तर आवरण मऊ पडून गुठळ्या होतात. कोरडा चमचा घाला, झाकण घट्ट लावा.

मावशीचा ग्लास मी मोरीत ओतला. दुसरा कालवून दिला, तो तिने माझ्यासमोरच प्यायला.