उपवनच्या कट्ट्यावर निकोबार

मंदार बसायच्या आधीच सुरू झाला. "पुन्हा तेच! पोर्ट नको, एअरपोर्ट नको, टाउनशिप नको. हवंय तरी काय या लोकांना?" आणि मोबाइल थेट नंदूच्या नाकासमोर धरला.

"चष्मा नाही आणला," नंदू म्हणाला. "तूच वाच. आणि 'या लोकांना' म्हणजे कोणाला, तेही सांग."

ग्रेट निकोबार बेटावर सरकारने बंदर, विमानतळ आणि नवं शहर उभारायचं ठरवलंय, त्यावरून आमच्यात ही पहिली खडाजंगी नव्हे. मंदार न्हावाशेव्याला एका फॉरवर्डिंग कंपनीत आहे, त्यामुळे बंदराचा विषय निघाला की तो स्वतःला देशाचा जहाजमंत्री समजतो. दर तिसऱ्या वाक्याला 'स्ट्रॅटेजिक'. रविवारी संध्याकाळी ठाण्याच्या उपवन तलावाकाठी बसलेली माणसं त्याच्या आवाजाने वळून बघतात.

"आपल्या ट्रान्सशिपमेंटचा, म्हणजे वाटेत जहाज बदलून जाणारा, ७५ टक्के माल बाहेरच्या बंदरांत हाताळला जातो, ठाऊक आहे? कोलंबो, सिंगापूर, पोर्ट क्लांग. पैसे त्यांच्या खिशात. ग्रेट निकोबारचा गॅलेथिया बे, जिथे बंदर होणार, मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडावर आहे. चीनची जहाजं तिथून जातात. स्ट्रॅटेजिक लोकेशन! आणि तुम्ही कासवं मोजत बसा."

आकडा खरा आहे, सरकारच तो देतं. पण मंदारची गंमत अशी की एकदा आकडा फेकला की त्याच्या लेखी विषय संपतो.

"झाडं किती जाणार?" स्मिताने विचारलं. ती शाळेत भूगोल शिकवते, आणि मूळची उरणची आहे, हे पुढे कामाला येईल.

"लावणार आहेत ना तेवढी."

"९ लाख ६४ हजार. सरकारने संसदेत सांगितलेला अंदाज. १३० चौरस किलोमीटर जंगल. आपलं अख्खं संजय गांधी नॅशनल पार्क १०४ चौरस किलोमीटरचं. आणि लावणार कुठे?"

मंदार जरा थांबला. "हरियाणात."

"दिव्यातलं घर पाडायचं," नंदू शांतपणे म्हणाला, "आणि नव्या घराची चावी हिसारला द्यायची."

जयंत एवढ्या जोरात हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. मंदार म्हणाला, हा बालिशपणा आहे, कार्बनचा हिशोब ग्लोबल असतो. स्मिताने त्याला विषुववृत्तीय जंगल म्हणजे काय ते आठवीच्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. तिथलं झाड एकटं नसतं. त्याच्यावर वेली, वेलींवर नेचे, खाली पाचोळ्यात अंडी उबवणारा मेगापोड. हा पक्षी माती आणि पाला ओढून ढीग करतो, अंडी त्यात पुरतो आणि ढिगाच्या उबेवर सोडून देतो. हरियाणात खड्डे खणून रोपं लावाल, हे सगळं कुठून आणाल? आणि गॅलेथियाच्या वाळूत अंडी घालायला येणारी लेदरबॅक कासवीण, जगातलं सगळ्यात मोठं कासव, तिला कुठला पत्ता देणार? ती जागा अभयारण्य होती. जानेवारी २०२१ मध्ये तो दर्जाच काढून टाकला.

"कासवांचं बघू रे," नंदू म्हणाला. "माणसांचं काय?"

खरा वाद इथून पेटला.

नंदू येऊरच्या जंगलातल्या पाड्यावरचा. वारली. आमच्याच वर्गातला, आता पोखरण रोडच्या टॉवरांमध्ये इलेक्ट्रिशियनची कामं करतो. त्याच्या पाड्याचे वनहक्काचे दावे अजून लटकलेले आहेत. कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन तुमच्या ताब्यात होती एवढं दाखवायचं. नंदूने एका साहेबाला आजोबांनी लावलेला आंबा दाखवला. साहेब म्हणाला, झाडावर तारीख कुठे आहे? शेवटी सगळ्यात भक्कम कागद कुठला निघाला, तर आजोबांना जंगलातलं लाकूड तोडलं म्हणून झालेल्या दंडाची पावती. ती पावती मी पाहिली आहे. घडीवर फाटलेली, मागून सेलोटेप लावलेली, शाई तपकिरी पडलेली, आणि दुधाच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवलेली. आजोबांना चोर ठरवणारा कागद नातू जपून ठेवतो, कारण ते तिथे होते हे सरकारने लेखी कबूल केलेलं तेवढंच. ती पावती हातात घेतल्यापासून 'अतिक्रमण' हा शब्द कोणी सहज वापरला की माझं डोकं फिरतं.

"आणि वर टर्फ झाले, बंगले झाले, रात्री लाइटी," नंदू म्हणाला. "त्यांच्या झाडावरची तारीख कोणी विचारली?"

मंदारने मूळ मुद्द्यावर या असं सांगितलं. स्मिता म्हणाली, हाच मूळ मुद्दा आहे. ग्रेट निकोबारात शोंपेन आदिवासी राहतात, २०११ च्या जनगणनेत २२९. बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध जेमतेम. आज बेटावर आठेक हजार माणसं आहेत आणि पुढच्या तीस वर्षांत तिथे साडेतीन लाख लोक नेऊन बसवायचा बेत आहे. किनाऱ्यावरचे निकोबारी २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर गावं सोडून छावण्यांत आले, ते अजून परत जाऊ द्या म्हणतायत. त्यांच्या ट्रायबल कौन्सिलने ऑगस्ट २०२२ मध्ये ना हरकत दिली आणि नोव्हेंबरमध्ये मागे घेतली. आम्हाला पूर्ण माहिती दिलीच नव्हती, म्हणाले.

"दिली होती ना एकदा! मग शब्द फिरवला त्यांनीच."

"मंदार, तू फ्लॅट बुक करताना ब्रोशरमध्ये तलाव होता," जयंत म्हणाला, "आणि बाल्कनीतून नाला दिसला. तू काय केलंस?"

"तो विषय नको."

"बिल्डरच्या ऑफिसात जाऊन बोंबललास. आम्हाला पण घेऊन गेला होतास."

मंदार म्हणाला, सरकार शोंपेनांची काळजी घेईल, त्यांना धक्का लागणार नाही असं लिहून दिलंय. स्मिताने अंदमानचा दाखला दिला. १८५८ मध्ये इंग्रजांनी तिथे कैद्यांची वसाहत केली तेव्हा ग्रेट अंदमानी हजारोंनी होते. गोवर आला, सिफिलिस आला. आज पन्नासेक उरले आहेत. गोवर पसरवायला कोणाचा वाईट हेतू लागत नाही, नुसता शेजार पुरतो.

"मग नुकसानभरपाई द्या," मंदार म्हणाला. "नवी मुंबई-उरणला जमिनी गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत दिली, तसं काहीतरी."

हे तो स्मितासमोर बोलला. उरणच्या मुलीसमोर.

"साडेबारा टक्के कोणी साहेबाने प्रेमाने नाही दिले," तिचा आवाज एकदम खाली आला. "१९८४ च्या जानेवारीत जासईला, नवघरला गोळ्या चालल्या. पाच माणसं गेली. दि. बा. पाटलांनी सगळा पट्टा उभा केला, तेव्हा कुठे ते टक्के आले. माझ्या बाबांच्या पाठीवर वळ होते. तू रोज ज्या बंदरात जाऊन बसतोस ना, त्याच्या आजूबाजूच्या मिठागरांत, शेतांत कोण होतं ते विचार कधी ऑफिसात."

कोणी काही बोललं नाही. मंदार वाईट माणूस नाही. त्याने मान हलवली.

"आणि आम्ही निदान लढू शकलो," स्मिता म्हणाली. "भाषा आपली, पुढारी आपले, कोर्ट माहीत. शोंपेन मोर्चा कुठे नेणार?"

"त्यांना प्लॉट दिला तर काय रो-हाउस बांधतील?" नंदू म्हणाला.

इथे जयंतला वाटलं की आपली बाजू जिंकते आहे. जयंत निसर्गवाला. ६०० ची लेन्स, पहाटे येऊर, प्रत्येक सुतारपक्ष्याचं नाव पाठ. तो म्हणाला, "बरोबर आहे. जंगलाला हातच लावू नका. कंपनी नको, बंदर नको, आणि खरं सांगायचं तर वस्तीही नको. आपल्या पार्कातूनही सगळ्यांना चांगली घरं देऊन बाहेर काढलं पाहिजे."

नंदूने त्याच्याकडे नुसतं बघितलं.

"तुला नाही म्हणत रे मी."

"मग कोणाला? तू बिबट्याचा फोटो काढतोस, लाइक मोजतोस, घरी जातोस. आम्ही रात्री त्याला वाट देतो. वाघबारसेला त्याच्या नावाने नारळ फोडतो. आम्हाला काढल्यावर त्याला वाट कोण देणार, टर्फवाले?"

मला हा वाद फार महत्त्वाचा वाटतो, कारण मंदारसारख्यांचा बुलडोझर ओळखता येतो, पण जयंतसारख्या सज्जन माणसाचं कुंपण ओळखायला वेळ लागतो. आदिवासी दोन्हीकडून बाहेरच. म्हणून मी मध्ये पडलो. ब्राझीलच्या चिको मेंडिसचं सांगितलं. रबराचा चीक काढणारा कामगार, युनियनवाला. अ‍ॅमेझॉन तोडून कुरणं करणाऱ्या रँचवाल्यांच्या करवतींसमोर तो आणि त्याचे साथीदार बायकामुलांसह उभे राहायचे. २२ डिसेंबर १९८८ ला शापुरीतल्या त्याच्या घराच्या मागच्या दारात त्याला गोळी घातली. त्याची मागणी जंगलाला कुंपण घाला अशी नव्हती. जे इथून चीक आणि ब्राझील नट काढून जगतात त्यांच्या हक्काचं हे जंगल ठेवा, म्हणजे ते राहील, अशी होती. १९९० मध्ये त्याच्या नावाने तसं राखीव क्षेत्र झालं, साडेनऊ लाख हेक्टरांहून मोठं.

"ते ब्राझील झालं," जयंत म्हणाला.

"मग आपलं घे. गडचिरोलीचं मेंढा-लेखा. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, सुमारे १,८०० हेक्टर. २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे पास स्वतः द्यायचा अधिकार मिळाला. तिथली घोषणाच आहे, दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. जंगल गेलं का तिथलं?"

जयंतला शब्दांपेक्षा चित्र पटतं, हे स्मिताला बरोबर माहीत. तिने फोनवर ब्राझीलमधल्या शिंगू भागाचं उपग्रह चित्र काढून दिलं. जयंत पक्ष्याची पिसं बघतो तसा दोन बोटांनी ते मोठं करत बसला. मधोमध गडद हिरवा तुकडा, तो आदिवासींचा मुलूख. चहूबाजूंनी फिकट चौकोन, सोयाबीन आणि गुरांची कुरणं. हद्द पट्टीने आखावी इतकी सरळ.

"आत माणसं आहेत?" त्याने विचारलं.

"पिढ्यानपिढ्या."

तो बराच वेळ झूम करत राहिला. काही बोलला नाही. पण फोन परत द्यायलाही विसरला.

मंदार तोवर सावरला होता. समोरचं फरसाणचं पाकीट उचलून त्याने उलटं केलं. "खाताय ना सगळे? वाचा. पामोलिन. कुठून येतं? इंडोनेशिया, मलेशिया. तिथलं जंगल तोडूनच ना? जगात सगळ्यात जास्त पामतेल आपण मागवतो. तेव्हा कुठे जातात तुमचे आदिवासी?"

संध्याकाळभरात मंदारने मांडलेला हा सगळ्यात खरा मुद्दा. २०२२ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली तेव्हा आपण सगळे डब्याच्या भावाने हवालदिल झालो होतो, बोर्निओच्या जंगलाची आठवण कोणाला नव्हती. १९८७ मध्ये मलेशियातल्या सारावाकचे पेनान आदिवासी लाकूडवाल्यांच्या रस्त्यांवर आडवे उभे राहिले. इंडोनेशियाच्या घटना न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की परंपरागत जंगलं सरकारी जंगलं नव्हेत, तिथल्या समाजांची आहेत. ती लढाई आपल्या कढईशी जोडलेली आहे आणि आपण ती बघत नाही, हे मला टोचतं.

नंदूने मात्र पाकीट शांतपणे काढून घेतलं. "म्हणजे तिथल्या माणसांना न विचारता तोडणं चूक, असं तू म्हणतोयस."

"म्हणजे... हो."

"मग निकोबारला बरोबर कसं?"

मंदार म्हणाला, देशाची गोष्ट वेगळी. ओडिशाच्या नियमगिरीत २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ग्रामसभांना विचारा म्हटलं, स्मिता म्हणाली, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं. तोही देशच होता. डोंगर अजून जागेवर आहे.

"प्रत्येकाला विचारत बसलं तर काही होणार नाही!" मंदार ओरडला. "कोणीतरी सगळ्यांच्या वतीने निर्णय घ्यावाच लागतो!"

आणि जयंतने हळूच मान वर केली. "नववी ब."

"काय?"

"तू मॉनिटर होतास. 'सर्व विद्यार्थ्यांच्या वतीने' अर्ज केलास. शुक्रवारचा पी.टी.चा तास बीजगणिताला द्यावा. खाली सगळ्यांच्या सह्या."

"मी विचारलं होतं!"

"माझी सही मराठीत आहे," नंदू म्हणाला. "तू इंग्रजीत केली होतीस. स्पेलिंग पण चुकवलंस."

स्मिताने डोक्याला हात लावला. वर्षभर शुक्रवारी मैदान समोर दिसायचं आणि आम्ही समीकरणं सोडवायचो. मंदार म्हणाला, त्याच बीजगणिताने तुम्ही पास झालात, आणि त्या तासाला पाऊसच असायचा, आणि अर्ज सरांनीच लिहायला लावला होता. तीन कारणं एका दमात. बाजूच्या बाकावरचे आजोबा पण हसायला लागले.

हसणं ओसरल्यावर जयंतने नंदूला विचारलं, त्या दाव्याच्या कागदांना फोटो चालतात का? आंब्याचा बुंधा, घराची जुनी जोती, विहीर?

"चालतात. पण मोबाइलमधले नीट येत नाहीत."

"रविवारी कॅमेरा घेऊन येतो. पक्षी राहू देत."

"ये. सकाळी लवकर ये, ऊन आंब्यावर असतं तेव्हा," नंदू म्हणाला. "आणि येताना याला पण आण. पाड्यावर सत्तर सह्या लागणार आहेत, अर्ध्या तासात उरकेल."

मंदारने उरलेलं फरसाण त्याच्या अंगावर फेकलं.