शिरा काढायला बसवलेला माणूस

श्रावणात आमच्याकडे अळूवडीचा घाट घातला की कामं आपोआप वाटली जातात. पीठ कालवायचं आत्यानं, उंडे वळायचे बायकोनं, आणि ज्याला यातलं काहीच येत नाही त्यानं शिरा काढायच्या. म्हणजे मी.

पान पालथं घालायचं, देठ छाटायचा, मधली जाड शीर सुरीनं तासायची, बाकीच्या शिरांवरून लाटणं फिरवायचं. ऐकायला सोपं. सुरी खोल गेली तर पान तिथेच फाटतं, वरवर फिरली तर उंडा वळताना फाटतं. पान फाटणारच असतं. बोलणी आत्ता खायची की मग, एवढाच प्रश्न.

त्यात मला शाळेतलं जीवशास्त्र आठवतं, हे आणखी वाईट. मी तासतोय ती पानाची नळयोजना. शिरेच्या वरच्या अंगाला जलवाहिन्या, मुळांकडचं पाणी आणि क्षार आणणाऱ्या. खालच्या अंगाला रसवाहिन्या, पानानं उन्हात तयार केलेली साखर मातीतल्या अळकुड्यांपर्यंत पोचवणाऱ्या. पान पालथं असल्यामुळे माझी सुरी आधी साखरेच्याच नळावर पडते. गंमत म्हणजे जलवाहिन्यांच्या पेशी मेल्यावरच कामाला लागतात, आतून पोकळ होऊन. पंप वगैरे काही नाही. पानाच्या छिद्रांतून वाफ उडते आणि तिच्या ओढीनं पाणी वर चढतं. आमच्या इमारतीत पंप लावूनही चौथ्या मजल्यावर नळाला नुसती हवा येते.

रात्री वाफ उडेनाशी झाली की मुळं पाणी वर ढकलत राहतात आणि ते पहाटे अळूच्या टोकातून थेंबाथेंबानं गळतं. अळवावर पाणी ठरत नाही हे सगळ्यांना ठाऊक. आतलंही ठरत नाही.

शिवाय एकदलांच्या शिरा समांतर, द्विदलांच्या जाळीदार, हे आम्ही घोकून घोकून पाठ केलेलं. अळू एकदल आणि शिरा चक्क जाळीदार! परीक्षेत हे पान समोर ठेवलं असतं तर अर्धा वर्ग नापास झाला असता.

एव्हाना बोटं खाजायला लागलेली असतात. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते टोचतात. पिठात चिंच पडते ती खाणाऱ्यांच्या घशासाठी. तासणाऱ्याच्या हाताची चौकशी कोणी करत नाही.

"आत्या, ही शीर आहे म्हणून एवढं मोठं पान पसरून राहतं. पानाचा कणाच आहे हा."

"आम्हाला ते वळायचंय. कणा काढ."

"आणि याच वाहिन्या पुढे देठातून थेट खाली उतरतात."

"हो का?" आत्यानं छाटलेल्या देठांची परात माझ्याकडे सरकवली. "मग तेही तूच सोल. दह्यातली देठी करायचीय."