बॅटरीची तार काढून स्मॉग पास होत नाही

कॅलिफोर्नियात रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाचं पाकीट घरी आलं आणि त्यात 'स्मॉग आवश्यक', म्हणजे गाडीच्या धुराची तपासणी करून घ्या, असं लिहिलेलं दिसलं की जुनी पिकअप बाळगणाऱ्यांमध्ये एक मेसेज हमखास फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, सार एकच: चेक इंजिनचा लाइट लागलाय? बॅटरीची निगेटिव्ह तार अर्धा तास काढून ठेवा, लाइट जाईल. मग टाकी फुल करा, कन्व्हर्टर साफ करणारी बाटली ओता, फ्रीवेवर पन्नास मैल पळवा आणि इंजिन गरम असतानाच स्टेशनात शिरा. एखाद-दोन मॉनिटर राहिले तरी जुन्या गाडीला चालवून घेतात.

यातलं इंजिन गरम ठेवण्याचं तेवढं बरोबर आहे. बाकीचं ऐकलंत तर पैसे मोजून नापास व्हाल.

सुरुवात बॅटरीपासून. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कार आणि हलक्या ट्रकांमध्ये ओबीडी-२ ही गाडीचे दोष स्वतःच शोधणारी यंत्रणा आहे. २००० आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये कॅलिफोर्नियाचा इन्स्पेक्टर सहसा नळी घालतच नाही. तो बॉनेटखालचे भाग नजरेखालून घालतो आणि डॅशबोर्डखालच्या सॉकेटला केबल लावून गाडीच्या कॉम्प्युटरलाच विचारतो: लाइट लावायचा हुकूम दिलेला आहे का, दोषाचे कोड कोणते आहेत, आणि तू स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यास का? या तपासण्या म्हणजे मॉनिटर. कॅटॅलिस्ट (धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर), ऑक्सिजन सेन्सर, त्या सेन्सरचे हीटर, थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी ईजीआर, टाकीतली पेट्रोलची वाफ अडवणारी ईव्हॅप यंत्रणा, प्रत्येकाचा वेगळा. जुन्या गाडीची बॅटरी तोडली की लाइटबरोबर या सगळ्या तपासण्यांचे निकालही पुसले जातात. लाइट बंद आणि मॉनिटर कोरे, अशी गाडी तिथे नापासच होते.

शिवाय पुसल्याची खूण राहते. कोड पुसल्यापासून इंजिन किती वेळा थंडाचं गरम झालं आणि गाडी किती धावली, हे आकडे बऱ्याच गाड्यांचे कॉम्प्युटर मागितले की देतात. २०१० आणि पुढच्या गाड्यांत तर 'पर्मनंट कोड' असतात. ते स्कॅनरने जात नाहीत, तार काढूनही जात नाहीत. जुलै २०१९ पासून कॅलिफोर्निया तेही बघतं. पुसल्यानंतर १५ वॉर्म-अप आणि २०० मैल दोन्ही झाले असतील तरच त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं.

आपल्याला ही युक्ती पटते याचं कारण मला पीयूसीच्या सवयीत दिसतं. महाराष्ट्रात सायलेन्सरमध्ये नळी गेली, आकडा आला, कागद हातात पडला. त्या पाच मिनिटांत गाडी शहाण्यासारखी वागली की झालं. कॅलिफोर्नियातलं यंत्र गेल्या काही दिवसांचा हिशेब मागतं.

आता पन्नास मैल. या मुद्द्यावर सगळ्यात जास्त पेट्रोल फुकट जातं, कारण मॉनिटर मैल मोजत नाही, परिस्थिती जुळायची वाट बघतो. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांसाठी सांगितला जाणारा क्रम बघा. गाडी रात्रभर उभी हवी: कूलंट १२२ अंश फॅरेनहाइटच्या खाली, आणि बाहेरच्या हवेपेक्षा ११ अंशांहून जास्त फरक नको. सुरू करून एसी आणि मागच्या काचेचा डिफ्रॉस्टर लावून अडीच मिनिटं जागेवरच ठेवायची. मग ५५ मैलांच्या वेगाने तीन मिनिटं एकसारखी. मग अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि ब्रेकला, क्लचला हात-पाय न लावता वेग २० पर्यंत आपोआप उतरू द्यायचा. पुन्हा ५५-६०, पाच मिनिटं, पुन्हा तसंच उतरू द्यायचं. यातला प्रत्येक टप्पा कुठल्या तरी मॉनिटरसाठी आहे. सेन्सरच्या हीटरची परीक्षा थंड इंजिन सुरू होताना होते, ईजीआरची वेग उतरताना, कॅटॅलिस्टची एकसारख्या वेगात. गरम इंजिनाने ७० वर पन्नास मैल मारणाऱ्याच्या वाट्याला यातला शेवटचा प्रकार आला तर आला. आणि वेग २० वर उतरवायचा उद्योग फ्रीवेवर करू नका, मागचा अठरा चाकी तुमच्या मॉनिटरसाठी थांबणार नाही. रविवारी पहाटेचा रिकामा एक्स्प्रेसवे किंवा फ्रीवेलगतचा रस्ता बरा.

प्रत्येक कंपनीचा क्रम वेगळा असतो, तेव्हा आपल्या गाडीचा शोधून काढा. फोर्डच्या जुन्या गाड्यांत पी१००० हा कोड दिसला तर तो बिघाड नसतो, मॉनिटर अजून पुरे झालेले नाहीत एवढाच त्याचा अर्थ. २००० च्या दशकातल्या बऱ्याच फोर्ड गाड्यांत स्कॅनरशिवायही हे कळतं: इंजिन सुरू न करता किल्ली 'ऑन'वर १५ सेकंद ठेवा. चेक इंजिनचा दिवा आठ वेळा लुकलुकला तर गाडी तयार नाही, स्थिर राहिला तर तयार.

सगळं क्रमाने करूनही मॉनिटर हलत नसतील तर टेम्परेचरचा काटा बघा. जुन्या पिकअपमध्ये थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारी झडप, उघडाच अडकलेला असणं फार नेहमीचं. इंजिन पुरेसं तापत नाही आणि कॉम्प्युटर तपासणी सुरूच करत नाही. बाहेरून गाडी झकास चालत असते, म्हणून कुणाला शंका येत नाही. पी०१२८ हा कोड आला तर संशय आधी तिथे घ्या. भाग स्वस्त आहे. तसंच ऑक्सिजन सेन्सरचं घोंगडं भिजत पडलं असेल तर कॅटॅलिस्टचा मॉनिटर बहुधा त्याच्यामागे अडकून बसतो.

टाकी फुल करण्याचा सल्ला तर उलटाच. ईव्हॅपची तपासणी टाकीतल्या मोकळ्या जागेत दाब किंवा व्हॅक्यूम धरून होते आणि एक मिलिमीटरचं, नव्या गाड्यांत अर्ध्या मिलिमीटरचं भोकही शोधते. टाकी काठोकाठ भरली की मोजायला जागाच उरत नाही, तळाला गेली तरी हिशेब बिघडतो. साधारण १५ ते ८५ टक्के ही मर्यादा बहुतेक गाड्यांत असते. अर्धी ते पाऊण ठेवा, आणि मॉनिटर पुरा होईपर्यंत पंपावर जाऊ नका. गॅस कॅपचं रबर चिरलेलं असेल तर कॅप बदला. फ्रेस्नो-सॅक्रामेंटोसारख्या कडक उन्हाळ्याच्या भागातल्यांसाठी आणखी एक गोष्ट: हवेचं तापमानही बघितलं जातं, आणि साधारण ९५-१०० अंश फॅरेनहाइटच्या वर ही तपासणी बऱ्याच गाड्या करतच नाहीत. जुलैत दुपारी कितीही फिरा, तो मॉनिटर कोराच. पहाटे निघा.

बाटलीने मॉनिटर पुरा होत नाही, एवढं पुरे. कन्व्हर्टर खरंच गेला असेल तर नवा घेताना त्यावर कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी क्रमांक आहे ना ते बघा, नाहीतर स्वस्त कन्व्हर्टर नुसत्या नजरेच्या तपासणीत बाद होतो.

राहिलं 'एखाद-दोन चालतात'. हे अर्धं खरं आहे, आणि त्यातलं खरं बहुधा टेक्सासहून आलेलं असावं. डॅलस-ह्यूस्टनकडे १९९६ ते २००० च्या गाडीला दोन अपुरे मॉनिटर चालायचे, २००१ पासून पुढच्या गाडीला एक चालतो. कॅलिफोर्नियात १९९६ ते १९९९ च्या पेट्रोल गाडीला कुठलाही एक चालतो, पण २००० पासून फक्त ईव्हॅप. डिझेल पिकअपवाल्यांनी जास्त जपावं: १९९८ ते २००६ च्या डिझेलला एकही सूट नाही. २००७ पासून काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर आणि न जळालेलं इंधन साफ करणारा एनएमएचसी कॅटॅलिस्ट, या दोघांचे मॉनिटर राहिले तर चालतात. वयाची माफी आहे, पण ती १९७५ पर्यंतच्या पेट्रोल आणि १९९७ पर्यंतच्या डिझेल गाड्यांना.

मग करायचं काय? आधी बिघाड दुरुस्त करा आणि शक्यतो कोड पुसूच नका. दोष खरोखर गेला असेल तर ओळीने तीन ड्रायव्हिंग सायकल (गाडी सुरू करून, चालवून, बंद करण्याच्या फेऱ्या) स्वच्छ गेल्यावर चेक इंजिनचा लाइट आपणहून विझतो, आणि बाकीचे मॉनिटर जागेवर राहतात. मेकॅनिकला हे आधीच सांगून ठेवा, कारण काम झालं की सवयीने पुसून टाकणारे पुष्कळ. फोनला जोडणारा साधा ओबीडी रीडर घ्या आणि स्टेशनात जाण्यापूर्वी रेडिनेसचं, म्हणजे कोणते मॉनिटर पुरे झालेत ते दाखवणारं, पान स्वतः बघा.

मुदत जवळ आली असेल तर डीएमव्हीची, म्हणजे गाड्यांची नोंदणी करणाऱ्या खात्याची, फी वेळेत भरून टाका. स्मॉगचा दाखला येईपर्यंत नोंदणीचं स्टिकर मिळणार नाही, पण उशिराचा दंड टळतो. आणि दुरुस्ती होऊनही एखादा मॉनिटर पुरा होतच नसेल तर अशा अडलेल्या गाड्या तपासणारा राज्याचा स्मॉग चेक रेफरी आहे, त्याची वेळ घ्या. काही मॉडेलांत हा दोष कारखान्यातूनच आलेला असतो आणि त्यांची यादी राज्याकडे आहे. दुरुस्तीच्या पावत्या बरोबर न्या.