शिक्का झाला, मोर्तब राहिलं

"अर्ज ठीक आहे हो, पण यावर शिक्कामोर्तब कुठंय?" खिडकीपलीकडचे साहेब म्हणाले.

"म्हणजे नुसता शिक्का हवाय की मोर्तबही?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. रांगेत मागे कुणीतरी उसासा सोडला.

शंका रास्त होती. आज आपण एका दमात 'शिक्कामोर्तब' म्हणतो, पण जुन्या पत्रांत ही दोन वेगळी कामं. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर 'प्रतिपच्चंद्रलेखेव' ही मुख्य मुद्रा, आणि मजकूर संपला की तळाशी छोटी मोर्तबमुद्रा: 'मर्यादेयं विराजते'. पत्राची हद्द इथे संपली, खाली कुणी ओळ घुसडू नये! आता वर्तमानपत्रात जागावाटपावर शिक्कामोर्तब होतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागांवरून पुन्हा बैठक बसते. घरगुती शिक्कामोर्तबाचं तर विचारूच नका. तिथे आत्याबाईंचा फोन यायचा असतो.

"पण स्वसाक्षांकन चालतं ना? 2015चा शासन निर्णय आहे," मी घोडं पुढे दामटलं. साक्षी म्हणजे डोळ्यांनी पाहणारा. मला रोज आरशात मीच तर पाहतो.

"तुम्ही तुम्हीच आहात, हे कोण सांगणार?"

"मीच."

"तेच तर! तीन नंबरला जा. गोल शिक्का आणा."

तीन नंबरच्या बाईंचं स्टॅम्पपॅड वाळलेलं. त्यांनी शिक्का तोंडाशी नेऊन 'हाऽऽ' करून त्यावर वाफ सोडली, नेम धरला आणि दणकन मारला. टेबलावरचा चहा हिंदकळला. कागदावर मात्र डाव्या कडेची एक निळी कोर उमटली.

"पुढच्या कॉपीवर येईल नीट," बाई म्हणाल्या.

प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी मुद्रा म्हणतात ती हीच असावी, अशी मी मनाची समजूत घातली. आणि खरंच, तिसऱ्या प्रतीवर अष्टमी झाली. पाचवीच्या वेळी मी कागद धरायला हात पुढे केला आणि पौर्णिमा माझ्या बाहीवर उगवली. आतल्या अक्षरांसकट, ठसठशीत.

शेवटी मूळ अर्जावर एक बरा शिक्का बसला. धावत खिडकीशी आलो. साहेबांनी अर्ज उजेडात धरला, मान डोलावली.

"वा! झालं की शिक्कामोर्तब."

मग त्यांनी कागद उलटला.

"अहो, मागेही मजकूर आहे."